‘तू पोळी खाल्लीस’ या वाक्यावर संशोधकाचं आयुष्य निघतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला मराठी घेऊन बी.ए. झालं, एमपीएससीच्या तयारीत व्याकरणातले प्रयोग पाठ करता करता त्यांचीच गोडी लागली, आणि आता भाषाविज्ञानाकडे, त्यातही सिंटॅक्स आणि सिमँटिक्सकडे वळावंसं वाटतंय. या क्षेत्रातली माणसं नेमकं करतात काय, एवढ्याशा विषयावर जन्म निघतो का, इंग्रजी बेताचं असेल तर निभाव लागेल का, आणि पोटापाण्याचं काय. मी गेली बरीच वर्षं हेच काम करते आणि शिकवते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी काम काय असतं ते. सिंटॅक्स म्हणजे वाक्यविन्यास: शब्द एकमेकांना कसे बांधले जातात, कुठली बांधणी चालते आणि कुठली चालत नाही. सिमँटिक्स म्हणजे अर्थविज्ञान: त्या बांधणीतून अर्थ कसा तयार होतो. दोन्हींचा कच्चा माल एकच, बोलणाऱ्याच्या मनातलं ‘हे चालतं, हे नाही’ हे ज्ञान. व्याख्यांत फार अडकू नका. तुम्ही पाठ केलेलंच एक उदाहरण घेऊन दाखवते.

‘तू पोळी खाल्लीस.’ परीक्षेच्या पुस्तकात याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. ‘खाल्ली’ हे स्त्रीलिंगी रूप पोळीशी जुळलंय आणि शेवटचा ‘स’ जुळलाय ‘तू’शी. ‘तुम्ही पोळी खाल्लीत’ म्हटलं की ‘स’च्या जागी ‘त’ येतो. एका क्रियापदावर कर्माचीही खूण आणि कर्त्याचीही. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं आहे, आणि आपल्या व्याकरणकारांनी या रूपांची किती बारकाईनं नोंद केली आहे हे पाहून आजही थक्क व्हायला होतं. परीक्षेला संकर ओळखला की गुण मिळतात. संशोधन तिथून पुढे सुरू होतं, कारण आता विचारायचं: असं का?

हिंदीत ‘मैंने रोटी खाई’. ‘मैं’ला ‘ने’ लागतो. मराठीत ‘त्याने पोळी खाल्ली’, ‘रमाने पोळी खाल्ली’, पण ‘मी पोळी खाल्ली’, ‘तू पोळी खाल्लीस’. पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषाला ‘ने’ दिसत नाही. क्रियापद मात्र पोळीशीच जुळतं. मग इथला ‘मी’ हा ‘मी पोळी खाते’मधल्यासारखा साधा प्रथमेतला कर्ता आहे, की त्याच्या पोटात ‘ने’ आहे आणि तो फक्त ऐकू येत नाही? ऐकू न येणाऱ्या गोष्टीबद्दल असा प्रश्न विचारणं पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण तो तपासता येतो, आणि तपासायला आपल्या रोजच्या बोलण्यापलीकडे काही लागत नाही.

ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. ‘आम्ही सगळे चहा घेतो.’ आता भूतकाळात न्या: ‘आम्ही सगळ्यांनी चहा घेतला.’ ‘आम्ही सगळे चहा घेतला’ असं कुणी म्हणत नाही. तसंच ‘मी मूर्खाने त्याच्यावर विश्वास ठेवला’ हे आपण सर्रास म्हणतो, ‘मी मूर्ख त्याच्यावर विश्वास ठेवला’ हे तोंडातून निघत नाही. म्हणजे ‘मी’ आणि ‘आम्ही’ गप्प असले तरी त्यांना चिकटून येणारा शब्द ‘ने’ किंवा ‘नी’ घेऊन उघडपणे बोलतो. विभक्ती आहे, सर्वनामावर तिचं रूप तेवढं दिसत नाही, या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. भाषावैज्ञानिक ज्युली लेगेट यांचा, काही कर्त्यांवर विभक्ती दिसते आणि काहींवर नाही अशा भाषांवरचा २०१४ सालचा लेख मराठीतल्या याच जातीच्या पुराव्याचा आधार घेतो. जुन्या मराठीत तर ‘म्यां’ आणि ‘त्वां’ ही वेगळी रूपं होतीच, आणि खेड्यापाड्यांत ‘म्या काय केलं?’ अजून ऐकू येतं. शेजारच्या कोंकणीत ‘हांव’चं ‘हांवें’ होतं.

प्रश्न सुटला असं वाटतं ना? इथेच खरी मजा आहे. मग तो ‘स’ कुठून आला? ‘रमाने पोळी खाल्ली’ यात क्रियापदावर रमाची काहीच खूण नाही. यावरून एक सुटसुटीत नियम सांगता येतो की ‘ने’वाला कर्ता क्रियापदावर उमटत नाही. पण ‘तू’मध्ये लपलेला ‘ने’ आहे हे आत्ताच मान्य केलं, आणि तरी ‘तू’ची खूण ‘खाल्लीस’वर आहे. एक पुरावा एकीकडे ओढतो, दुसरा दुसरीकडे.

आणि आता तुमच्या भागातली गोष्ट. रत्नागिरीकडे ‘त्याने मला सांगितलंन’, ‘तिने पोळी खाल्लीन’ असं बोलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तो ‘न’ तिसऱ्या पुरुषाच्या कर्त्याची खूण आहे, आणि कर्त्याला ‘ने’ तर ढळढळीत लागलेला आहे. वर सांगितलेला सुटसुटीत नियम या एका ‘न’ने अडचणीत येतो. मग दोन वाटा उरतात. एक तर ‘ने’वाला कर्ताही क्रियापदाशी जुळू शकतो हे मान्य करायचं. नाही तर ‘स’, ‘त’, ‘न’ हे जुळणीचे प्रत्यय नसून क्रियापदाला मागून येऊन चिकटलेली छोटी सर्वनामं आहेत असं दाखवायचं. दोन्ही वाटांचे परिणाम वेगवेगळे आणि तपासता येण्यासारखे आहेत. ‘तू पोळी खाल्ली होतीस’मध्ये ‘स’ ‘होती’वर जातो, ‘खाल्लीस होती’ होत नाही. मग ‘न’ही तसाच ‘होती’वर उडी मारतो का? ‘त्याने तिला मारलं’ यासारख्या भावे प्रयोगात तो येतो का? कर्त्याचं नाव वाक्यात घेतलंच नाही तर तो हवाच असतो की वगळता येतो? अकर्मक क्रियापदांपैकी कोणत्यांवर येतो? एकाच घरातली आजी आणि नात यांत फरक पडतो का? शहरातली पुष्कळ तरुण मुलं तर ‘तू पोळी खाल्ली’ म्हणून ‘स’सुद्धा सोडून देतात. ज्यांच्या तोंडात ‘स’ उरला नाही त्यांच्या तोंडात ‘आम्ही सगळ्यांनी’ मात्र शाबूत आहे, हे मला फार बोलकं वाटतं. विभक्ती आणि जुळणी या दोन वेगळ्या यंत्रणा असाव्यात असं त्यातून दिसतं.

प्रमाण मराठीच्या एका वाक्यावरून सुरू झालेला धागा असा बोलींत जातो, इतिहासात जातो, शेजारच्या भाषांत जातो. नेपाळीत कर्त्याला ‘ले’ लागतो आणि क्रियापद तरीही कर्त्याशीच जुळतं. गुजरातीत ‘ने’ (तिथला ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’) लागलेल्या कर्माशीही क्रियापद जुळतं. हिंदीत तसं मुळीच चालत नाही. आणि मराठी? ‘आईने मुलीला शाळेत घातलं’ आणि ‘आईने मुलीला शाळेत घातली’ दोन्ही. दुसऱ्याला तुमच्या पुस्तकात कर्म-भाव संकर म्हटलंय. म्हणजे आपण हिंदी आणि गुजरातीच्या मध्ये उभे आहोत. या संपूर्ण पट्ट्यातली ही विविधता अश्विनी देव आणि देवयानी शर्मा यांनी २००६ साली एका लेखात एकत्र मांडली. मराठीत संशोधन करू इच्छिणाऱ्याने तो वाचल्याशिवाय राहू नये.

अर्थाच्या बाजूचं एकच उदाहरण देते. ‘ती नवरा शोधतेय’ आणि ‘ती नवऱ्याला शोधतेय.’ पहिल्या वाक्यातल्या मुलीचं लग्न व्हायचंय. दुसरीचं झालंय आणि नवरा गर्दीत कुठेतरी हरवलाय. फरक फक्त ‘ला’चा. पहिल्या वाक्यातला नवरा जगात कुठेही अस्तित्वात नसला तरी वाक्य खरं ठरू शकतं. अशा क्रियापदांनी तत्त्वज्ञांना आणि तर्कशास्त्रज्ञांना पूर्वीपासून छळलंय. तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड मॉन्टेग्यू १९७१ साली वारले, त्यांचा गाजलेला लेख १९७३ साली छापून आला. त्यातलं एकशिंगी घोडा शोधण्याचं उदाहरण याच कोड्याचं आहे: जे नाहीच ते शोधणाऱ्याबद्दलचं वाक्य खरं कसं असतं? बार्बरा पार्टी यांनी हा विचार भाषावैज्ञानिकांपर्यंत पोचवला आणि आजचं औपचारिक, म्हणजे तर्काच्या सूत्रांत अर्थ मांडणारं, अर्थविज्ञान उभं राहिलं. मराठीची गंमत अशी की इंग्रजीत एकाच वाक्यात दडून बसणारे दोन अर्थ आपल्याकडे ‘ला’ उघड करून ठेवतो.

पण ‘ला म्हणजे ठरावीक’ असं लिहून मोकळं होता येत नाही. ‘ती स्वयंपाकी शोधतेय, कुणीही चालेल’ हे ठीक. ‘ती स्वयंपाक्याला शोधतेय, कुणीही चालेल’ हे खटकतं. इथवर नियम टिकतो. आता निर्जीव वस्तू घ्या. ‘मी पुस्तक शोधतेय’ हे हरवलेल्या नेमक्या पुस्तकाबद्दलही असतं, आणि ‘पुस्तकाला शोधतेय’ कुणी म्हणत नाही. म्हणजे सजीवता मध्ये आली. सजीवता अर्थाच्या हिशेबात कुठे बसवायची, की ती वाक्यविन्यासाच्याच पदरात टाकायची, यावर आजही एकमत नाही.

तर दिवसभर आम्ही हे करतो. एक वाक्य घ्यायचं, त्यातली एकच गोष्ट बदलायची, पुन्हा ऐकायचं. जे वाक्य चालत नाही त्याच्यापुढे आम्ही फुली किंवा चांदणी काढतो, आणि खरी किंमत त्या चांदणीच्या वाक्यांना असते. लोकांनी काय म्हटलं हे वर्तमानपत्रांतून आणि ध्वनिमुद्रणांतून कळतं, काय म्हणता येत नाही हे मात्र विचारावंच लागतं. ते विचारण्याची एक शिस्त आहे. ‘हे बरोबर आहे का?’ असं कधीही विचारू नका. आपल्याकडे माणूस लगेच शाळेच्या बाकावर जाऊन बसतो आणि पुस्तकी रूप सांगतो. प्रसंग सांगा: ‘तुमची बहीण स्टेशनवर आहे, भाऊजी दिसत नाहीयेत, तुम्ही आईला फोनवर काय सांगाल?’ आणि गप्प बसा. दोन वाक्यं समोर ठेवायची असतील तर त्यांच्यात एकच फरक असू द्या. आपलं गृहीतक माहितगाराला सांगू नका, भली माणसं आपल्याला खूश करायला ‘हो’ म्हणतात. आणि स्वतःच्या कानावर एका बैठकीत फार भार टाकू नका. तेच वाक्य पंधरा वेळा म्हटलं की सगळीच वाक्यं चालतायत असं वाटायला लागतं.

आता ‘जन्म निघतो का’ याबद्दल. एखादा विषय किती काळ आणि किती हातांतून चालतो ते बघा. ‘ज्याला जे आवडतं त्याने ते घ्यावं.’ एका वाक्यात ‘ज्याला–त्याने’ आणि ‘जे–ते’ अशा दोन जोड्या. हे ‘आवडलेलं’, ‘आवडणारा’ अशी कृदंतं वापरून एका दमात सांगून बघा, जमत नाही. काशी वली यांनी १९८२ साली मराठीतल्या या जो–तो रचनांचा आढावा घेतला. १९९१ साली विनीता दयाल यांनी हिंदीच्या आधारे त्यांच्या वाक्यविन्यासाची आणि अर्थाची एकत्र मांडणी केली आणि हा विषय जगभरच्या अर्थवैज्ञानिकांच्या वाचनात आला. २००३ साली राजेश भट यांनी ‘जो’चं उपवाक्य मुळात कुठे जन्माला येतं हा प्रश्न नव्याने उभा केला. दोन दशकं, तीन अभ्यासक, एक रचना, आणि काम संपलेलं नाही. मधल्या काळात सिद्धान्ताची चौकट पार बदलली. तरी वलींनी नोंदवलेली मराठी वाक्यं आजही उपयोगी पडतात, कारण ती काळजीपूर्वक गोळा केलेली आहेत. नव्या विद्यार्थ्याला मी म्हणूनच सांगते की ताज्या सिद्धान्ताच्या मागे धावण्याआधी चांगली वाक्यं जमवायला शिक. सिद्धान्त लागतोच, त्याच्याशिवाय काय विचारायचं ते सुचत नाही. पण आधी हाताशी कोडं असेल तर सिद्धान्त वाचताना आपल्याला त्यात काय शोधायचंय ते माहीत असतं.

शिक्षणाचा रस्ता असा. एम.ए. भाषाविज्ञानातच करा. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. १९५०च्या दशकात तिथे भरलेल्या भाषाविज्ञानाच्या शाळांनी भारतातली एक अख्खी पिढी घडवली. मुंबई विद्यापीठातही विभाग आहे. औपचारिक सिंटॅक्सकडे अधिक कल असेल तर दिल्लीतलं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचं इफ्लू, म्हणजे पूर्वीचं सीआयईएफएल, बघा. काही आयआयटींत मानव्यविद्या विभागांतून पीएच.डी. होते. नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. पुण्यात राहून संशोधन करायला ते पुरतात. परदेशाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या विभागांत पीएच.डी.ला साधारण पाच वर्षं फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं, बदल्यात शिकवण्यात मदत करावी लागते. कर्ज काढून पीएच.डी. करू नका, हे माझं ठाम मत आहे.

अर्थविज्ञानाकडे जायचं तर तर्कशास्त्र आणि संचसिद्धान्त टाळता येणार नाही. बी.ए. मराठीची मुलं इथे बिचकतात. बिचकू नका. लागणारं गणित बारावीच्या गणितापेक्षा वेगळं आहे आणि शून्यापासून शिकता येतं. प्रयोगांचं वर्गीकरण ज्याला आवडतं त्याला सूत्रंही आवडतात, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय. दोन-तीन महिने रोज तासभर काढून विधेयतर्कशास्त्राची गणितं सोडवा, हाताने, कागदावर.

इंग्रजीबद्दल आडपडदा न ठेवता सांगते. शोधनिबंध इंग्रजीतच वाचावे आणि लिहावे लागतात, त्यातून सुटका नाही. पण ते इंग्रजी साहित्यिक नसतं. ठरावीक साच्यांची, छोट्या वाक्यांची, उदाहरणांनी भरलेली भाषा असते ती. पहिले दहा निबंध जड जातात, नंतर साचे ओळखीचे होतात. तुमच्याकडे असलेलं भांडवल उलट दुर्मीळ आहे. प्रमाण मराठीवरही औपचारिक पद्धतीचं काम हिंदीच्या तुलनेत थोडं झालंय, आणि बोलींवर तर त्याहूनही थोडं. डेक्कन कॉलेजने राज्यभर बोलींचं सर्वेक्षण करून त्याची सामग्री सर्वांना खुली केली आहे, तिच्यापासून सुरुवात करता येईल. मात्र सर्वेक्षणात रूप सापडतं, त्या रूपाच्या मर्यादा सापडत नाहीत. त्या शोधायला त्या बोलीत वाढलेला, चांदणीचं वाक्य कानाने ओळखणारा माणूस लागतो.

मराठीत लिहायचंही सोडू नका. अशोक केळकरांसारख्या जगभर मान असलेल्या भाषावैज्ञानिकाने मराठीत सातत्याने लिहिलं. मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ हे त्रैमासिक यासाठीच आहे. आपली वाक्यं ज्यांच्याकडून घेतली त्यांना आपला निष्कर्ष वाचता यावा, हे मला शोधनिबंधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पोटापाण्याचं. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि त्या वेळेवर भरल्या जात नाहीत. पीएच.डी. झाल्यावर काही वर्षं प्रकल्पांवर, कंत्राटी पदांवर किंवा परदेशात पोस्टडॉक म्हणून काढावी लागतील असं धरूनच चला. घरच्यांना हे आत्ताच सांगा, पाचव्या वर्षी सांगायला बसू नका. दुसरीकडे भाषा-तंत्रज्ञानात मागणी आहे. पण ‘मराठी येतं’ एवढ्यावर तिथे चांगलं काम मिळत नाही, वाक्याची चिरफाड करून ती सुसंगतपणे नोंदवता यावी लागते. वाक्यविश्लेषणाच्या एका आंतरराष्ट्रीय खुल्या संग्रहात हिंदीची साधारण साडेसोळा हजार वाक्यं असलेला भाग आहे, आणि त्याच प्रकल्पातल्या मराठी भागात पाचशेच्याही आत वाक्यं आहेत. ‘खाल्लीस’ची नोंद कशी करायची, कर्त्याशी जुळणी म्हणून की कर्माशी, हा प्रश्न तिथे रोज पडतो. म्हणून एम.ए.च्या काळातच पायथन ही संगणकाची भाषा थोडीफार शिकून घ्या आणि अशा एखाद्या संग्रहाच्या नोंदीचे नियम वाचून काढा. शिकवण्याची जागा मिळाली तरी ते वाया जात नाही.

प्रवेशअर्जासोबत संशोधनाचं टिपण मागतात. ‘मला लहानपणापासून भाषेची आवड आहे’ हे वाक्य त्यात नको, ते सगळेच लिहितात. पहिल्याच परिच्छेदात ‘सांगितलंन’ची चार वाक्यं द्या, दोन चालणारी, दोन न चालणारी. त्यांच्यामुळे ‘ने’वाल्या कर्त्याबद्दलचा नियम कसा अडतो ते पाच ओळींत लिहा, आणि पुढे काय विचारणार त्याची यादी जोडा. वाक्यं घरच्या एकट्या माणसाकडून घेऊ नका. निदान तीन घरांतून, दोन पिढ्यांकडून तपासून घ्या, आणि कोणत्या गावची, कोणत्या वयाची ते कंसात लिहा. दीड पानाचं असं टिपण तयार झालं की ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांना आधी ईमेलने पाठवून बघा. माझ्याकडे असं टिपण आलं तर मी त्याच आठवड्यात उत्तर देते, आणि माझ्या ओळखीतले बरेच सहकारीही देतात.